पहिला मान

"अनीशला सांग, माझं तिकीट अलीकडचं करून दे म्हणा," सासूबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "संक्रांत झाली की जाते मी."

कौमुदीच्या हातातला गाजराच्या गरगटाचा चमचा वाटेतच थांबला. दहा महिन्यांच्या श्रावणीनं आ वासला होता. तिनं थोडी वाट पाहिली आणि मग खुर्चीच्या ट्रेवर हात आपटला.

"का हो आई? मार्चपर्यंतचं आहे ना तुमचं?"

"आहे. पण बास झालं आता. तिकडे घर बंद आहे."

"इथं काही कमी पडतंय का?"

"काही कमी नाही. सगळं ग्रँड आहे." हा शब्द आईंनी शेजारच्या आयरिश बाईकडून उचलला होता आणि त्या तो तिच्यासारखाच वापरत, पुढचं बोलणं बंद करायला.

कौमुदीला काळजी करायला एरवीही कारण लागत नसे. श्रावणी जास्त वेळ झोपली तर काळजी, कमी झोपली तर काळजी. हे तर चांगलं घसघशीत कारण होतं. जानेवारीअखेर तिचं कॉलेज सुरू व्हायचं होतं. बाळंतपणात अर्धवट राहिलेलं समाजशास्त्राचं एमए पुरं करायचं होतं. क्रेशमध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात, श्रावणीला जागा मिळणार होती ती मार्चमध्ये. मधले दिवस सासूबाईंच्या भरवशावर होते. पण नुसतं तेवढंच असतं तर कौमुदीनं दुसरी काही सोय पाहिली असती. आयर्लंडमधल्या डंडॉकच्या या लहानशा घरात, समुद्रावरून येणारा वारा खिडक्या खडखडवत असताना, सकाळी खाली आलं की ओट्याशी उभ्या असलेल्या आई दिसाव्यात, याची तिला सवय लागली होती. गरज कुठे संपते आणि माया कुठे सुरू होते, हे आता तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

आईंना इथं राहावंसं का वाटत नाही, याचा तिनं शोध सुरू केला. नजर तिची लहानपणापासून बारीक, आणि आई झाल्यापासून तर भिंगासारखी. आई, म्हणजे वसुधाबाई, काही गरीब गाय नव्हत्या. राज्यशास्त्रात एमए, नागपुरात मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. तोंडात मऊ वऱ्हाडी वळण आणि डोळ्यांत वर्गावर ठेवायची जरब. नाताळच्या सुट्टीत मराठी मंडळाच्या बायका केक घेऊन आल्या, तेव्हा त्या छान गप्पा मारत खाली बसल्या होत्या. कौमुदी चहा करायला आत गेली आणि ट्रे घेऊन बाहेर येते तर आई वरच्या खोलीत निघून गेलेल्या. गाड्या निघून गेल्याचा आवाज येईपर्यंत त्या खाली आल्या नाहीत. तेव्हापासून दाराची घंटा वाजली की त्या वर जात.

कौमुदीनं हे पाहिलं आणि तिला तिची काकू आठवली. कोथरूडच्या घरी हळदीकुंकू असलं की विधवा काकू आतल्या खोलीत भाजी निवडत बसायची. तिला कुणी जा म्हणायचं नाही, तीच उठून जायची. सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती. कौमुदीला सगळं लख्ख कळलं. निदान तिला तसं वाटलं.

याच सुमारास गुरुवारची संध्याकाळ तिच्या आठवड्याचा कणा होऊन बसली होती. गावातल्या वाचनालयात एक वाचनगट भरे. तो चालवायची अडेसुवा, कॉलेजात समाजशास्त्र शिकवणारी. नायजेरियातल्या बेनिन सिटीत जन्मलेली, पण लहानपणीच डंडॉकला आलेली आणि आता इथल्या जन्मजात माणसांहून अस्सल डंडॉकी इंग्रजी बोलणारी. गटात वाचायचं ते कृष्णवर्णीय स्त्रियांनी मांडलेला विचार. कौमुदी पहिल्यांदा गेली तेव्हा अडेसुवानं तिला पुस्तकातलं काही विचारलं नाही. "गावात कुठं कुठं जातेस?" एवढंच विचारलं.

कौमुदीनं सांगितलं. मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये आया आणि बाळांचा गट भरतो. तिथं सगळ्या एकमेकींच्या शाळेपासूनच्या मैत्रिणी. 'हाऊ आर यू' म्हणून हसतात आणि परत आपल्या गप्पांत शिरतात. बुधवारी परदेशातून आलेल्या बायकांचा गट असतो, पण तिथं बाळं आणायची नाहीत. मंगळवारच्या बायकांना वाटतं, ही परदेशी, हिची सोय बुधवारी होत असेल. बुधवारच्यांना वाटतं, ही लेकुरवाळी, हिची सोय मंगळवारी. दोन्हीकडे माणसं भली आहेत, कुणाचं काही चुकलेलं नाही, आणि कौमुदी प्रॅम ढकलत मार्शेस शॉपिंग सेंटरमध्ये चकरा मारते.

अडेसुवा खो खो हसली. "दोन छत्र्या शेजारी शेजारी. दोघींचंही पाणी मधल्या माणसाच्या मानेवर. आणि छत्रीतल्या दोघी म्हणतात, आम्ही तर कोरड्या आहोत बाई."

मग ती गंभीर झाली. "ह्याला लोक बेरीज समजतात. बाई असण्याचं दुःख अधिक काळं असण्याचं दुःख अधिक गरिबीचं. तसं नाही ते. ती मधली जागाच वेगळी असते, तिथून छत्र्या कशा धरल्यात ते दिसतं. आमच्या आज्या-आया आयुष्यभर तिथं उभ्या राहून विचार करत होत्या. लोक म्हणायचे, हा त्यांचा अनुभव. मग दुसऱ्या कुणीतरी त्यावर पुस्तक लिहिलं, तो झाला सिद्धांत. विचार करणारी बाई गेली तळटीपेत, उदाहरण म्हणून. ते उलटं करायचं म्हणून आपण इथं बसतो. आणि लक्षात ठेव, हा विचार वापरणाऱ्यालाही सोडत नाही. तो पहिल्यांदा आपल्याच घरात फिरवून बघायचा."

कौमुदी घरी आली तीच तरंगत. रात्री जेवताना नवऱ्याला, अनीशला, तिनं हे सगळं इंग्रजीत ऐकवलं, कारण या गोष्टींना मराठी शब्द सापडेपर्यंत तिचा उत्साह टिकला नसता. अनीश ऑनलाइन पेमेंटच्या कंपनीत दिवसभर मीटिंगा करून आलेला, तो 'अच्छा, अच्छा' करत होता. आई वरण वाढत होत्या.

"आणखी घे," त्या म्हणाल्या. "बोलण्यात भात गार होऊन राहिला."

जानेवारीअखेरपर्यंत गटातल्या प्रत्येकीनं आपल्या घरातलं काहीतरी मांडायचं होतं. कौमुदीला विषय शोधावा लागलाच नाही. यंदा मंडळाच्या हळदीकुंकवाची पाळी तिच्याकडे घ्यायची, सगळ्या बायकांना बोलवायचं, नवरा असलेल्या, नसलेल्या, लग्नच न केलेल्या, कुठल्याही देशाच्या, आणि पहिला मान आईंना द्यायचा. सगळ्यांच्या देखत, पहिलं कुंकू त्यांना. त्या वर निघून जायचं कारणच उरणार नाही. मग तिकिटाचाही विषय संपेल.

मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे उचलले. मंडळ चालवणाऱ्या विभावरीनं तर 'अशी सून हवी' असं लिहून तीन फुलं टाकली. पुण्याहून शोभना, म्हणजे कौमुदीची आई, म्हणाली, "फारच छान गं. तुझ्या काकूला हे बघायला मिळालं नाही. मला फोटो पाठव."

अनीशला मात्र तिनं अर्धंच सांगितलं, कारण त्याच्या पोटात आईपासून काही राहत नसे.

"हळदीकुंकू?" तो म्हणाला. "आपल्या घरी?"

"पाळी आहे आपली. का?"

तो लॅपटॉपकडे बघत जरा वेळ गप्प राहिला. "काही नाही. तुला हवं तर कर. आईचं तिकीट महिनाअखेरपर्यंत बदलता येतंय, विचारून ठेवलंय मी."

ती शांतता कौमुदीनं टिपली. बाबांची आठवण आली असणार, तिनं ठरवलं.

अडेसुवालाही आमंत्रण गेलं. तिनं सगळी हकीकत ऐकून घेतली. "आणि तुझ्या सासूबाई काय म्हणाल्या?"

"त्यांना माहीत नाही. सरप्राइज आहे."

"ग्रँड," अडेसुवा म्हणाली. या शब्दाला आयर्लंडमध्ये बरेच सूर आहेत. तिनं लावला तो 'बघ बाई तुझं तू' असा होता. पण कौमुदी तीळ कुठे मिळतील या विचारात होती.

तीळ पोलिश दुकानात मिळाले, गूळ डब्लिनहून तन्वीनं आणला. तन्वी अनीशच्याच कंपनीत इंजिनिअर होती, लग्नबिग्न काही नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळदीकुंकवाला बोलावणं आल्यामुळे तिनं चक्क साडी नेसली होती. शनिवारी दुपारी बाहेर बारीक पाऊस, आत गरम हवा, वेलदोड्याचा वास. विभावरी आली ती तांब्याच्या करंड्यासकट. अडेसुवा आपल्या आईचा केशरी रुमाल डोक्याला बांधून आली. घंटा वाजायला लागली तशा आई श्रावणीला काखेला मारून जिन्याकडे निघाल्या.

"मी पाहते हिला. तू तुझं कर."

सगळ्या जमल्यावर कौमुदी वर गेली. "आई, थोडा वेळ खाली या ना."

"काऊन? रडली तर आणते नं मी."

"तसं नाही. या तर."

आई खाली आल्या. कौमुदीनं त्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं, श्रावणीला तन्वीकडे दिलं आणि तबक उचललं. चार वाक्यं तिनं रात्री मनात घोकून ठेवली होती. आजपर्यंत या कार्यक्रमातून कुणाला वगळलं गेलं, नवरा गेला म्हणून बाईचं बाईपण कसं जात नाही, आणि म्हणून आज या घरात पहिला मान आईंचा. विभावरीनं डोळ्याला पदर लावला. कुणीतरी फोन वर धरला.

कौमुदीनं बोट कुंकवात बुडवलं आणि पुढे केलं.

आईंनी तिचं मनगट धरलं. हिसका दिला नाही की मागेही सरकल्या नाहीत. वर्गात एखादी मुलगी फळ्यावर चुकीचं गणित सोडवत असावी आणि तिचा खडू हलकेच थांबवावा, तसं.

"तबक खाली ठेव, बाळा. आणि बस आधी."

कौमुदी बसली. फोन धरलेला हात खाली आला.

"तुझ्या मनातलं मला कळलं," आई म्हणाल्या. "त्यात वाईट काही नाही. पण हे मला नको. अनीशचे बाबा गेले म्हणून नको, असं समजू नको. ते होते तेव्हाची गोष्ट सांगते. अजनीच्या रेल्वे क्वार्टरात राहायचो आम्ही. हे स्टेशनात ड्युटीवर, चांगले धडधाकट. माझ्या गळ्यात मंगळसूत्र. म्हणजे तुमच्या हिशोबानं मी सुवासिनीच. संक्रांतीनंतर त्या लायनीत रोज कुणाकडे तरी हळदीकुंकू असायचं. बोलावणारी पोरगी डावीकडच्या घरी जायची, उजवीकडच्या घरी जायची. मधलं दार आमचं. एकदा एका बाईंनी वाण पाठवलं, स्टीलची वाटी. त्यांच्या पोरीनं ती कट्ट्यावर ठेवली, 'आईनं दिलंय' म्हणाली अन् पळाली. वाटी द्यायला चालत होती, मी घरात आलेली चालत नव्हती. कपाळ नाही पाहिलं कोणी. पाटीवरचं आडनाव पाहिलं."

आईंनी खाली पडलेला श्रावणीचा खुळखुळा उचलून तन्वीकडे दिला.

"मग आम्ही तो नादच सोडला. बौद्ध माणसं आम्ही, आम्हाला त्याची गरजही नव्हती. रविवारी विहारात बायका जमायच्या. वंदना झाली की पोहे, अन् पोह्यांवर भांडणं. पोरांच्या फिया, नवऱ्याची दारू, कोणती पोरगी दहावीला बसवायची, सगळं तिथं ठरायचं. कोणाचा नवरा आहे अन् कोणाचा गेला, हे विचारायला कोणाला फुरसत नव्हती. तर कौमुदी, तू आज मला ज्या दारातून परत आत घेऊन राहिली, त्या दारातून मी कधी बाहेर पडलेच नाही. आत गेलेच नव्हते नं."

कौमुदीच्या बोटावरचं कुंकू वाळून गेलं होतं. तिला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणावं. लग्न रजिस्टर पद्धतीनं का झालं, तेव्हा कोथरूडला किती दिवस कुणी कुणाशी बोलत नव्हतं, सासरच्या भिंतीवर कुणाची तसबीर आहे, सगळं तिला ठाऊक होतं. जातीवर तिनं कॉलेजात पानंच्या पानं लिहिली होती. फक्त ते सगळं एका कप्प्यात होतं आणि 'विधवा सासूबाई' दुसऱ्या कप्प्यात. आई जिना चढून जाताना तिला आई दिसल्याच नव्हत्या. तिनं काकूचं लुगडं त्यांना नेसवलं होतं.

"काय म्हणाल्या त्या?" अडेसुवानं कौमुदीला विचारलं.

"मी सांगते," आई म्हणाल्या आणि त्यांनी स्वच्छ, सावकाश, शाळेच्या वार्षिक समारंभातल्या इंग्रजीत सगळी गोष्ट पुन्हा सांगितली. वाटीपाशी आल्यावर अडेसुवा पुढे झुकली.

"माझ्या आईला चर्चमधल्या बायका फुलं सजवायला बोलवायच्या," ती म्हणाली. "चहाला नाही. चहा मिळायचा तो आमच्या नायजेरियन बायकांच्या प्रार्थनेत. बाबा सोडून गेले, तेव्हा तिथं तिला मागच्या बाकावर बसवलं. आई म्हणायची, एकीकडे मी फार काळी आहे आणि दुसरीकडे फार एकटी."

"मग काय केलं त्यांनी?"

"घरीच किटली ठेवली. रोज कुणी ना कुणी यायचं. मी समाजशास्त्र तिथं शिकले, डिग्री नंतर घेतली."

आई हसल्या. इथं आल्यापासून पहिल्यांदा त्यांचे दात दिसले, हे कौमुदीच्या भिंगानं टिपलं.

विभावरीला मात्र स्वस्थ बसवेना. "पण काकू, आम्ही इथं असलं कुणी काही पाळत नाही हो. खरंच सांगते."

"पाळत नसाल. पण नाताळात तुम्ही मला आडनाव विचारलं. ते सांगितलं तर गाव विचारलं. मग मूळ गाव. मग अनीशचं लग्न ठरवून झालं का आपसात. बाप्पा, एवढं तर मला विमानतळावरच्या माणसानं नाही विचारलं."

तन्वीला हसू फुटलं आणि तिनं ते श्रावणीच्या टोपीत लपवलं. विभावरी कानापर्यंत लाल झाली.

"सवयीनं विचारलं हो."

"सवयच म्हणून राहिले मी. राग नाही माझा. वर जाऊन पडले, झालं. वरची खोली उबदार आहे."

मग विभावरीनंच खांदे सैल सोडले. मंडळाचे कार्यक्रम चालवून चालवून तिला एक गोष्ट पक्की कळली होती, की अवघड वेळी काहीतरी काम हातात घ्यावं. "मग आता काय करायचं काकू? तुम्हाला काय चालेल ते सांगा."

"चहा चालेल. तीळगूळही चालेल, तिळाची काही जात नाही. अन् ज्यांना कुंकू लावायचं त्यांनी लावा नं एकमेकींना, मी कोण अडवणारी. ही तन्वी तर एवढी साडी नेसून आली."

"मला लावाच," तन्वी म्हणाली. "सेफ्टी पिना टोचतायत मघापासून."

विभावरी उठली. "कप कुठे आहेत गं?"

"प्रेसमध्ये, त्या वरच्या कपाटात," कौमुदी म्हणाली, आणि तेवढ्यात श्रावणीनं हळदीच्या वाटीत मूठ घातली. कौमुदी किंचाळायच्या बेतात धावली. ती खाईल, डोळ्यात जाईल, अंगावर पुरळ उठेल.

"अवं हळदच आहे," आई म्हणाल्या, "विष नाही. वरणात काय घालते तू तिच्या?"

दुपार तशी बरीच गोड गेली. पिवळ्या बोटांचे ठसे अडेसुवाच्या बाहीवर, तन्वीच्या साडीवर, सोफ्यावर. विभावरीनं चहा फार गोड केला आणि कुणी तक्रार केली नाही. निघताना ती आईंपाशी थांबली. पायावर डोकं ठेवावं की हात मिळवावा हे तिला ठरवता येईना. मग तिनं नुसतंच विचारलं, "विहारातले ते पोहे कसे करायचे?" आई म्हणाल्या, "ये मंगळवारी. दाखवते."

सगळ्या गेल्यावर कौमुदी सिंकपाशी तबक घासत उभी राहिली. कुंकवाचा डाग निघत नव्हता आणि तिच्या डोळ्यांतलं पाणीही थांबत नव्हतं. आईंनी कप पुसायला घेतले.

"आई, मी फार मोठी चूक केली."

"मोठी नाही. मध्यम." आईंनी कप उजेडात धरून पाहिला. "एक सांगू का? इतकी वर्षं शाळेत मीच पोरींना उदाहरणं देत होते. उदाहरणाचं एक बरं असतं, ते गप उभं राहते. त्याला कोणी विचारत नाही, तुझं काय मत आहे. आज मला खुर्चीत बसवून तू भाषण देत होती, तेव्हा मला वाटलं, हो, मी फळ्यावर आहे."

कौमुदीनं नळ बंद केला. विचार करणारी बाई तळटीपेत जाते, हे वाक्य तिनं अनीशला किती रंगवून सांगितलं होतं. वरण वाढणारी बाई शेजारीच उभी होती.

"म्हणून जायचं म्हणताय का?"

आईंनी कप खाली ठेवला. "हे बघ नं. तुम्ही दोघं मला फार जपता. थंडी वाजते का, मोजे घातले का, बीपीची गोळी घेतली का. हे सगळं विचारता. गुरुवारी तू त्या गटातून येते, चेहरा असा उजळलेला असते, अन् अनीशला सांगते. इंग्रजीत. तो जांभया देते. मी तिथंच बसलेली. राज्यशास्त्रात एमए केलं मी, लेकराला मांडीवर घेऊन. दोन महिन्यांत मला कोणी असं नाही विचारलं की आई, तुम्हाला काय वाटतं. मग मला वाटलं, श्रावणीची आजीच व्हायचं तर ते फोनवरूनही होता येते."

बाहेर पाऊस थांबला होता. वर पाळण्यात श्रावणी स्वतःशीच काहीतरी बडबडत होती, आणि कौमुदीच्या लक्षात आलं की बराच वेळ झाला, आपण तिच्या आवाजाकडे कान लावलेला नाही.

"काय वाटतं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"कशाबद्दल?"

"त्या छत्र्यांबद्दल. मी सांगितलं होतं ते."

आई ओट्याला टेकल्या. त्यांनी हे फार दिवस मनात ठेवलं असावं, कारण शोधावं लागलं नाही. "छत्र्यांचं बरोबर आहे. पण अर्धं. त्या दोघींच्या छत्र्या कोणी शिवल्या, अन् मधलीला छत्री काऊन नाही, हे नाही येत त्याच्यात. अन् मधली बाई नुसती भिजत उभी नसते. ती चालून राहिली असते कुठंतरी. कुठं, ते विचारा नं तिला."

"हे तुम्ही अडेसुवाला सांगाल?"

"तिनं विचारलं तर."

अडेसुवानं लगेच विचारलं. एवढंच नाही, तर कौमुदीनं मंगळवार-बुधवारची गोष्ट पुन्हा काढल्यावर गट गुरुवार संध्याकाळवरून शनिवार सकाळवर आणला आणि वाचनालयातल्या मुलांच्या कोपऱ्यात बसवला, जिथं गालिचा आहे आणि बाळं रडली तरी कुणी वळून बघत नाही. कौमुदीचा मांडणीचा दिवस आला तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली की मी आज माझ्या चुकीबद्दल थोडं बोलणार आहे आणि बाकीचं माझ्या सासूबाई बोलतील, उदाहरण म्हणून नाही. मग तिनं खुर्ची मागे घेतली.

आई उठल्या नाहीत. बसूनच बोलल्या, चष्मा नाकावर घसरलेला, समोर छापील पानं, त्यांवर पेन्सिलीच्या खुणा. विहारातल्या पोह्यांपासून सुरुवात केली आणि कुठल्या कुठं गेल्या. बाईनं बाईला वर काढायच्या कार्यक्रमात कोणती बाई धरली जाते आणि कोणती सुटते, आणि सुटलेल्यांनी मग काय उभं केलं. एका म्हाताऱ्या आयरिश बाईनं मध्येच म्हटलं की आमच्या गावात भटक्या ट्रॅव्हलर बायकांचं अगदी असंच होतं, आणि तिथून वाद सुरू झाला. आईंना वाद मानवला. अडेसुवाचं एक म्हणणं त्यांनी सरळ खोडलं. अडेसुवानं ते परत मांडलं. त्यांनी परत खोडलं.

कौमुदी गालिच्यावर श्रावणीला घेऊन बसली होती. श्रावणीनं वाचायच्या पानाचा कोपरा चघळून लगदा केला होता. कागद पोटात गेला असेल का, शाईत काय काय असतं, हे कौमुदीच्या मनात येऊन गेलं. पण वर चाललेलं वाक्य तिला सोडवत नव्हतं, म्हणून तिनं बोट घालून लगदा तेवढा काढला आणि ऐकत राहिली.

संपल्यावर अनीश गाडी घेऊन दाराशी आला. "आई, तिकीट बदलायचा आज शेवटचा दिवस आहे. करू ना?"

आई प्रॅमच्या खालच्या जाळीत कागद नीट बसवत होत्या. "कोणतं तिकीट?"

"संक्रांतीनंतर जाते म्हणाली होतीस ना."

"राहू दे. मार्चचंच राहू दे." त्या गाडीत बसल्या आणि पट्टा ओढायला लागल्या. "त्या अडेसुवा पोरीचं पुढच्या शनिवारचं वाचन चाळीस पानं आहे. अन् तिचं अजून पटलेलं नाही मला."